आम्हाला रडकंच बाळ हवं

तिला ठिणगी हे नाव कुणी ठेवलं, यावर त्या कारखान्यात अजून वाद आहे. मालक म्हणतो मी ठेवलं, मिस्त्री म्हणतो मी. ठिणगीचं म्हणणं असं की दोघांपैकी एकाचीही ते तोंडावर म्हणायची छाती नव्हती, तेव्हा श्रेय घ्यायला पुढे येऊ नये.

कारखाना म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड. पंपाच्या, पंख्याच्या, गिरणीच्या जळालेल्या मोटारी तिथं दुरुस्तीला यायच्या. ठिणगीचं काम वाइंडिंगचं. जळकी तार उपसून काढायची, रिकाम्या खाचांत कागद बसवायचा, नव्या तांब्याच्या तारेची वेटोळी एकेका खाचेत दाबायची, वरून वार्निश पाजायचं आणि भट्टीत वाळवायचं. पहिल्या दिवशी मालकानं तिला चहा करायला सांगितला होता. बाईमाणूस आहे, दुसरं काय सांगणार! तिनं चहा केला, कप त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "हा शेवटचा. आता मोटार द्या."

मोटार आली की ती आधी तिचा वास घ्यायची, मीटर नंतर. खोटं वाटेल, पण वाइंडिंगवाले सगळेच असं करतात. नुसतं वार्निश तापलंय, की तार जळलीय, की आत पाणी शिरलंय, हे नाकाला आधी कळतं. नवरा हसायचा, म्हणायचा, "माझ्या शर्टाचाही वास घेते, आणि मी कुठल्या टपरीवर थांबलो होतो ते सांगते." नवरा बसवर ड्रायव्हर. माणूस गरीब गाय. बसमध्ये शंभर माणसांना ओरडून मागं सरकवायचा आणि घरात आईपुढे तोंड उघडायचा नाही.

लग्न उशिरा झालं, मूल त्याहून उशिरा. मुलगी झाली. दवाखान्यात बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब घेतात, तसे तिचेही घेतले. घरी येऊन जेमतेम आठवडा होतो तोच दवाखान्यातून फोन, बाळाला घेऊन ताबडतोब या.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण बोलायला सरळ. "बाळाच्या गळ्यात थायरॉइडची ग्रंथी असते, ती हिची बनलीच नाही. रोज सकाळी एक गोळी, चमचाभर पाण्यात चुरून, दुधाच्या आधी. जन्मभर."

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. ठिणगीनं विचारलं, "नाही दिली तर?"

"तर मेंदूची वाढ खुंटेल."

"आणि दिली तर?"

"तर तुमच्यासारखी होईल. ते चांगलं की वाईट, तुम्ही ठरवा." बाईंची आणि हिची ओळख अजून अर्ध्या तासाचीही नव्हती, पण माणूस बरोबर जोखलं होतं.

ठिणगी मात्र तेवढ्यानं उठणारी नव्हती. गळ्यातल्या ग्रंथीचा डोक्याशी संबंध काय, हे समजल्याशिवाय मी पोरीला काही चारणार नाही म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी बाहेरची रांग बघितली, घड्याळ बघितलं, आणि तरी सांगितलं. मेंदूतल्या तंतूंवर एक चरबीचं आवरण चढतं, त्याला मायलिन म्हणतात. ते असेल तर निरोप झटकन जातो, नसेल तर रेंगाळतो.

"इन्सुलेशन!" ठिणगी जवळजवळ ओरडलीच. "आमच्या तारेवर इनॅमल असतं तसं."

"तसंच समजा. पण तुमची तार बाजारातून इनॅमल लागून येते. बाळाला ते आतल्या आत बनवावं लागतं. ते बनवायची कृती पेशीतल्या जनुकांत असते, पण नुसती कृती असून भागत नाही. कामाला लागा, असं कुणीतरी म्हणावं लागतं. ते सांगणारे दोघं आहेत. एक थायरॉइडचं हार्मोन, आणि दुसरं शरीर अ जीवनसत्त्वापासून बनवतं ते द्रव्य. दोघं जोडीनं त्या जनुकांपाशी बसतात, तेव्हा काम नीट सुरू होतं."

"म्हणजे दोन किल्ल्यांचं कुलूप."

"साधारण. दुसरी किल्ली तिला तुमच्या दुधातून मिळते आहे. पहिली तिच्याजवळ नाही, ती या गोळीत आहे. आणि पहिली दोन-तीन वर्षं फार महत्त्वाची. तेव्हा राहून गेलं ते पुढे कितीही गोळ्या दिल्या तरी भरून निघत नाही."

एवढं कळल्यावर ठिणगी उठली. घाबरली होती का? होती की. घरी जाताना पोरीला तिनं असं आवळून धरलं होतं की नवऱ्याला सांगावं लागलं, "अगं, तिला श्वास घेऊ दे."

घरी सासू आणि नणंद वाट बघत होत्या. नणंद नवऱ्याहून मोठी, लग्न मोडून माहेरी आलेली, औषधाच्या दुकानात काउंटरवर कामाला. त्यामुळे घरात कुणाला शिंक आली तरी वन्संना विचारून यायची. ठिणगीनं दोघींना समोर बसवलं, पिशवीतून तारेचा तुकडा काढला, इनॅमल खरवडून दाखवलं, आणि मायलिन, जनुक, दोन किल्ल्या, सगळं झोकात सांगितलं. आपल्याला हे समजलं याचा तिला त्या दिवशी अभिमान वाटला, आणि तो लपवायची तिला सवय नव्हती.

"पण हार्मोन?" वन्सं म्हणाल्या. "एवढ्याशा जिवाला? आमच्या दुकानात एक बाई यायची हार्मोन घ्यायला. दाढी फुटली तिला."

"फुटू दे," ठिणगी म्हणाली. "दाढीवाली चालेल मला. पण हुशार दाढीवाली पाहिजे."

गोळी सुरू झाली आणि पोरगी काय रडायला लागली म्हणता! भुकेला रडायची, ओलं झालं की रडायची, पंखा बंद झाला की रडायची. शेजारी भिंतीवर थापा मारायचे. ठिणगी आतून उलट थाप मारायची.

चार महिन्यांनी रजा संपली. ठिणगीची शेड सकाळी लवकर उघडायची, तेव्हा बाळ झोपेत असायचं. म्हणून गोळीचं काम सासूकडे आलं. ठिणगी दूध काढून ठेवायची, गोळी वाटीत काढून ठेवायची, चमचा शेजारी ठेवायची, दारातून दोनदा सांगायची आणि जायची. संध्याकाळी वाटी धुतलेली असायची.

मग पोरगी शांत व्हायला लागली. आधी रडणं थोडं कमी झालं, ते सगळ्यांनाच बरं वाटलं. मग हाक मारली तर मान सावकाश वळायला लागली. दूध पिता पिता झोपायची. रडलीच तर आवाज घोगरा. शेजारीण येऊन म्हणाली, "किती गुणी बाळ हो तुमचं! आहे की नाही, कळतसुद्धा नाही." सासू कौतुकानं तिला ठकी म्हणायला लागली.

"ठकी म्हणजे लाकडाची बाहुली, आई," ठिणगी म्हणाली. "माझी पोर लाकडाची नाही."

"अगं, लोक पोरांच्या रडण्यानं वेडे होतात. तुला न रडणारं मिळालं तर तुझं काय नशीब फुटलं?"

"फुटलं. मला शहाणं बाळ नको. आम्हाला रडकंच बाळ हवं."

नवरासुद्धा म्हणाला, "सगळं सुरळीत चाललंय, तर तूच कशाला उकरून काढतेस?" ठिणगी त्याच्याशी वाद घालत बसली नाही. मोटारीला वीज दिली आणि ती नुसती गुंगुं करत जागच्या जागी बसली, तर 'आवाज करत नाही, गुणी आहे' असं म्हणत नाहीत, खोलून बघतात. तपासणीची तारीख अजून लांब होती. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पोरीला उचलून दवाखाना गाठला.

रक्त तपासलं. हार्मोन पार खाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली. "गोळी देताय ना?"

"रोज."

"रोज?"

हा दुसरा 'रोज' ठिणगीला झोंबला. "बाई, मी एक वेळ जेवायची विसरेन. घरात सासूबाई स्वतःच्या हातानं देतात."

डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या टाळूवरून बोटं फिरवली. टाळू टरारली होती. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "दुसरं काही देता का? टॉनिक, थेंब, काहीही?"

"काहीही नाही."

"घरी नीट विचारा. मी आहे संध्याकाळपर्यंत."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना पोरीला उलटी झाली, सगळी ठिणगीच्या खांद्यावर. तिनं लाळेऱ्यानं तोंड पुसलं आणि सवयीनं लाळेरं नाकाशी नेलं. माशाच्या तेलाचा वास. आईच्या दुधावरच्या पोरीच्या तोंडाला माशाचं तेल कुठून आलं? ती तिथंच उभी राहिली. पुन्हा वास घेतला. मग तशीच, ओल्या खांद्यानं, घरापर्यंत जवळजवळ पळत गेली.

दुपारची जेवणं चालली होती. वन्संही दुकानातून आल्या होत्या. ठिणगीनं लाळेरं ताटाशेजारी ठेवलं. "हे कशाचं आहे?"

तुम्हाला वाटेल कुणीतरी चपापलं असेल. छे! वन्संनी हात धुतले, साखरेच्या डब्यामागून एक बाटली काढली आणि अभिमानानं पुढे ठेवली. "अ जीवनसत्त्वाचं तेल. शुद्ध. माझ्या पदरचे पैसे घालून आणलंय, रोज चमचा देतो."

"आणि गोळी?"

"ती बंद केली. अगं, तूच सांगितलंस ना, दोन किल्ल्या आहेत म्हणून? त्यातली एक हार्मोनची, एक जीवनसत्त्वाची. मग चांगली निसर्गातली किल्ली असताना हार्मोनचं विष कशाला? ती एकच दुप्पट-तिप्पट दिली की झालं. आणि बघ ना, पोरगी कशी निवांत झाली. त्या गोळीनंच किंचाळत होती."

"मला पण पटलं गं," सासू हळूच म्हणाली. "आणि तुला सांगितलं असतं तर तू भांडली असतीस."

गोळी रोज सकाळी मोरीत गेली होती आणि वाटी धुऊन पालथी घातली होती.

ठिणगीला आधी राग आला नाही. कुलूप आणि किल्ली तिच्याच तोंडून निघालं होतं. तारेचा तुकडा नाचवत तिनंच ते ह्या घरात आणलं होतं. त्या दिवशी जीभ चावून गप्प बसले असते तर, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण क्षणभरच. मग राग आला, आणि आला तो असा की शेजारणीनं आपली खिडकी उघडली.

"दोन किल्ल्यांचं कुलूप एकच किल्ली दहादा फिरवून उघडतं का हो, वन्सं? निवांत झाली म्हणता? ती निवांत नाही झाली, विझायला लागलीय! आणि तुम्ही तिघं तिला गुणी म्हणत बसलात!"

"माझं काही वाईट मनात होतं का?" वन्संचा आवाज चढला. "माझाही जीव आहे तिच्यावर!"

"असेल. जीव आहे म्हणून माझ्या पोरीच्या मेंदूवर हात टाकायचा नाही. भांडले असते, आई? हो, भांडले असते. म्हणून तर मला सांगायचं होतं!"

बाटली उचलून ती परत दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी लेबल वाचलं, डोळे मिटले, उघडले. तेल बंद. एवढं अ जीवनसत्त्व बाळाला सोसत नाही. टाळू त्यानंच फुगलीय, उलट्याही त्यानंच. दोन दिवस इथंच लक्ष ठेवू. गोळी पुन्हा सुरू, वाढवून.

"जे झालं ते?" ठिणगीनं विचारलं. "ते इनॅमल? चढायचं राहून गेलं का ते?"

"आज सांगता येणार नाही. चालायला लागेल, बोलायला लागेल, तेव्हा कळेल. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही."

"देऊ नका," ठिणगी म्हणाली, आणि मग दवाखान्याच्या संडासात जाऊन, नळ सोडून, मनसोक्त रडली.

पोरीला घरी आणलं त्या दिवशी तिनं उंबऱ्यातच जाहीर केलं. गोळी फक्त माझ्या हातून जाईल. मी कामावर जाईन तेव्हा पोरगी माझ्याबरोबर येईल. सासूनं लेकाकडे बघितलं. लेकानं चपला बघितल्या, आणि मग, लग्न झाल्यापासून बहुधा पहिल्यांदाच, म्हणाला, "आई, ती म्हणतेय तसंच."

कारखान्यात मालकानं हात जोडले. "बाई, इथं वार्निशची वाफ, भट्टी. पोर कुठं ठेवणार?"

"ते मला कळतं. तुमच्या केबिनमध्ये ठेवते. तिथं वाफ नाही, धूर नाही. कामही काही नाही."

मिस्त्री पाना हातातून पडेपर्यंत हसला. मालकाच्या टेबलाशेजारी पाळणा लागला. मालक पहिले काही दिवस तोंड पाडून बसला आणि मग गिऱ्हाइकांना हळू बोला म्हणून दटावायला लागला. एका दुपारी तो फोनवर मोठ्या ऑर्डरचं बोलत असताना पाळण्यातून अशी काही किंकाळी उठली की पलीकडच्या माणसानं फोनच ठेवला. ठिणगी तारेचं रीळ टाकून धावली. "रडली! ऐकलंत का? कशी रडली!" मालक म्हणाला, "ऐकलं. पलीकडच्यानंही ऐकलं. ऑर्डर गेली." पण त्याचेही डोळे भरले होते, हे मिस्त्रीनं सगळ्यांना सांगितलं.

रडणं परत आलं. बाकीचं यायला वेळ लागला. ठकी, नाव शेवटी तेच चिकटलं, बसली उशिरा, चालली उशिरा. शेजारणीचा मुलगा गाणी म्हणायला लागला तेव्हा ठकीकडे 'आई', 'बाबा' आणि 'नको', एवढीच पुंजी होती. डॉक्टरीणबाई तपासायच्या, रक्त छान आहे म्हणायच्या, पुढचं विचारलं की म्हणायच्या, "वाट बघू." शेजारीण एकदा जिन्यात म्हणाली, "मंदच आहे वाटतं जराशी." ठिणगी दोन पायऱ्या खाली उतरली. "मंद असली तर माझी मंद. तुमच्या दारात भाकर मागायला येणार नाही. बाजूला व्हा." आणि वर जाऊन ठकीला मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली.

सासूनं मनाला लावून घेतलं होतं. ती आता दिवसभर ठकीशी बोलायची. भाजी चिरताना, केर काढताना, अखंड. वन्संनी माफी कधी मागितली नाही. पण रोज दुकानातून आल्यावर दारात चपला काढता काढता विचारायच्या, "आज काही बोलली का?" ठिणगी म्हणायची, "नाही," आणि कामाला लागायची. माफ केलं का तिनं? नाही केलं. का करावं? पोरीचं काय होणार, हेच अजून ठरायचं होतं.

ठकीला चौथं लागायच्या सुमाराची एक सकाळ. ठिणगी कामावर निघायच्या घाईत, एका हातात डबा, एका हातात गोळीचा चमचा. नवरा दाढी करत होता, सासू चहा गाळत होती, वन्सं केस विंचरत दारात उभ्या. ठकी जमिनीवर फतकल मारून बसली होती. चमचा तोंडाशी आला तसा तिनं हातानं दूर ढकलला.

"नको."

"आ कर."

"नको! रोज रोज मलाच का? आजीला दे ना. आत्याला दे!"

गाळणीतून चहा कपाबाहेर गेला. नवऱ्यानं वळून बघितलं, अर्ध्या गालावर फेस तसाच. वन्संनी कंगव्याचा हात तोंडावर दाबला आणि दारातच खाली बसल्या, आणि मग त्यांना जो हुंदका फुटला तो आवरेना.

"अगं बाई," सासू म्हणाली, "ही तर उलट बोलते!"

डबा ठेवून ठिणगी ठकीसमोर जमिनीवर बसली. डोळ्यांतलं पाणी गालावरून वाहत होतं, पुसायचं तिला सुचलं नाही. सगळ्यांचं लक्ष भलतीकडे आहे हे ठकीनं हेरलं, आणि हळूच ढुंगणावर सरकत ती पलंगाखाली निघाली. ठिणगीनं तिचा पाय पकडला, ओढून जवळ घेतलं, हनुवटी धरली.

"भांड," ती म्हणाली. "हवं तेवढं भांड माझ्याशी. जन्मभर भांड. पण गोळी घेऊन भांड!"